फ्रिजमधलं तारुण्य

“आंटी, जरा साइड देना!” सिव्हिक सेंटरच्या बाजारातल्या गर्दीत कधीकाळी एक पोरगा म्हणाला होता. तो आवाज वच्छलाबाईंच्या कानातून काही गेला नाही. तेव्हापासून सेक्टर दोनमधल्या त्यांच्या फ्रिजात, कोथिंबिरीच्या शेजारी, चेहरा तरुण ठेवणारं ‘ग्रोथ फॅक्टर’चं महागडं सीरम गारव्याला बसलं.

औषध वाढीचं, पण बाईंचं वय दर वाढदिवसाला घटतच गेलं. इतकं घटलं, की दुर्गला राहणाऱ्या सख्ख्या बहिणीची, इंदूची, ओळख त्या “माझी मोठी बहीण” अशी करून देऊ लागल्या. इंदू नुसती हसायची, आणि तिच्या गालावरच्या सुरकुत्याही तिच्यासोबत हसायच्या.

यंदा मराठी मंडळानं वयानं सर्वांत मोठ्या सभासद बाईला पैठणी द्यायचं ठरवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मितालीनं माइकवरून इंदूआजीचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या.

“वच्छलाताई, तुम्हीच या ना. तुमच्याच हातानं द्या मोठ्या बहिणीला!” मिताली म्हणाली.

वच्छलाबाई स्टेजवर गेल्या. मोरपंखी पैठणी हातात आली. पदरावरचे मोर त्यांनी एकदा पाहिले, दोनदा पाहिले, मग पैठणी छातीशी धरून मितालीच्या हातातला माइक ओढला.

 

“थांबा जी! इंदी माह्यापेक्षा पाच वर्षानं लहान हाय!”