पाचच जागा

मुलुंडच्या त्या घरात सुनेच्या नव्या नोकरीचा पहिला दिवस, घरूनच काम, आणि कॉम्प्युटरला नेट मिळेना. दुरुस्तीवाला नितेश म्हणाला, “काकू, राउटर पाचच फोन-कॉम्प्युटरना नेटचा पत्ता देतो. सहावा बाहेर.”

“सुबोधनं केलंय ते. शेजारचे फुकट वापरायचे ना.”

“पासवर्ड द्या, वाढवतो.”

“तो त्यालाच ठाऊक.”

“मग एक फोन बंद करा. हा सुबोधचाच चालू दिसतोय. घरी आहेत का?”

वनमालाकाकूंनी देव्हाऱ्यामागे चार्जिंगला लावलेला फोन उचलला. मुलाचं, सुबोधचं, तेरावं होऊन चार महिने झाले, तरी त्या तो रोज चार्ज करत होत्या. त्यांनी तो पदरानं पुसला आणि परत जागेवर ठेवला.

“माझा बंद कर रे. त्यावर व्हिडिओ कॉल करून ‘आई, जेवलीस का’ विचारणारा तोच तर होता.”