तिसरं प्रूफ

“पान एकसष्ट काढा,” सारजाबाई म्हणाली. “तिथून वाचून दाखवा. मला अक्षर येत नाय.”

काकासाहेबांनी पुस्तकांची पिशवी ओसरीवर ठेवली आणि चष्मा लावला. पैठणमधलं हे त्यांचं त्या दिवसातलं सहावं घर. वाचून दाखवायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हातारीनं पाट दिला होता, पाणी दिलं होतं, आणि त्यांना आपल्या आवाजाचा अभिमान होता.

पुस्तक त्यांच्या बायकोचं होतं. वच्छलाबाईंनी फुलंब्रीच्या शाळेत बत्तीस वर्षं पोरं शिकवली. पेन्शन सुरू झाल्यावर त्यांनी आपली हकीकत लिहून काढली आणि ती स्वतःच छापायची ठरवली. औरंगपुऱ्यातल्या छापखान्याचे मालक तात्यासाहेब यांनी त्यांना समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं. घाई करू नका. प्रूफं तीनदा तपासा, एक शब्द चुकीचा राहिला तर लोक तेवढाच दाखवतात. मागच्या बाजूला नवराबायकोचा जोडीनं फोटो टाका. दुकानदार नव्या लेखकाचं पुस्तक पुढं मांडत नाहीत, तेव्हा घरोघर जाणारा एखादा बोलका माणूस बघा. लेखकानं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक करू नये.

बोलका माणूस घरातच होता. काकासाहेब गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. बायकोनं विचारलं तेव्हा ते हसले होते, पण आठ दिवसांत त्यांना गोडी लागली. लग्नाच्या मांडवात, बचत गटाच्या बैठकीत, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला, जिथं जमेल तिथं त्यांनी पुस्तक दिलं. संक्रांतीला छापून आलेल्या पाचशे प्रती होळीपर्यंत संपत आल्या. बाया मुकाट्यानं पुस्तक घ्यायच्या. काही जणी मागचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघायच्या. अलीकडे गावातली माणसंही ते समोरून आले की नजर खाली घालायची. काकासाहेबांना तो आदर वाटला. बायकोच्या लिहिण्यात वाचण्यासारखं काय असणार, म्हणून त्यांनी स्वतः पुस्तक उघडलं नव्हतं.

पैठणचे पत्ते वच्छलाबाईंनीच कागदावर लिहून दिले होते. सारजाबाईच्या घरी एक प्रत पैसे न घेता द्या, असं सांगितलं होतं. ते नाव ऐकून काकासाहेबांना काहीच आठवलं नव्हतं.

काकासाहेबांनी एकसष्टावं पान काढलं आणि सभेत वाचावं तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

“इंदूला तीन दिवसांचा ताप होता. दुपारी तिनं डोळे फिरवले. मी मल्हारीला निरोप धाडला. त्याची काळीपिवळी जीप दारात येऊन उभी राहिली. त्यानं इंजिनही बंद केलं नाही. मी पोरीला शालीत गुंडाळून उंबऱ्यापर्यंत आले.”

काकासाहेब थांबले. दारात सून येऊन उभी होती. शेजारच्या दोघीजणी अंगणात आल्या होत्या.

“पुढं वाचा,” सारजाबाई म्हणाली.

त्यांचा आवाज उतरला, पण इतक्या डोळ्यांसमोर पुस्तक मिटणंही त्यांना जमेना.

“आमचे मालक ओट्यावर बसले होते. ते मल्हारीला म्हणाले, तिसरी पोरगी आहे, तिच्यासाठी शहर गाठायची गरज नाही, तू जा. मल्हारी गयावया करत होता. मालकांनी हाताला धरून त्याला जीपमध्ये बसवलं. दिवस मावळायच्या आत इंदू गेली. गाव जमलं तेव्हा मालकांनी सांगितलं, मल्हारीनं जीप द्यायला नकार दिला. मी तिथंच बसले होते. मी तोंड उघडलं नाही.”

पुस्तक त्यांच्या मांडीवर पडलं.

“मी मल्हारीची बायको,” सारजाबाई म्हणाली. “सुनेच्या गटात हे पुस्तक आधीच आलं. तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. मला तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं.”

मग तिनं पुढचं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मल्हारीच्या जीपमध्ये कुणी बसेना. पिठाच्या गिरणीवर बाया तिला पाहून पोरं पदराखाली घ्यायच्या. वर्षभरात जीप विकली, गाव सोडलं, धरणाच्या कडेला येऊन दुसऱ्याची मेंढरं वळली. सव्वीस वर्षं मल्हारी फुलंब्रीच्या वाटेला गेला नाही. काकासाहेबांनी कसंबसं विचारलं, तो कुठं आहे. तिनं तेही सांगितलं, आणि उरलेली पुस्तकं उचलून त्यांच्या हातात दिली.

फुलंब्रीला पोचायला त्यांना दिवेलागण झाली. वच्छलाबाई दारातच उभ्या होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. तीनशे पानं त्यांनी त्या एका पानासाठी लिहिली होती. पगार नवऱ्याच्या हातात जात होता तोवर धीर झाला नाही, पेन्शन स्वतःच्या हातात आल्यावर झाला. गेल्या पावसाळ्यात पैठणला बदलून गेलेल्या एका शिक्षिकेनं मल्हारीच्या घरचा पत्ता कळवला, तेव्हा त्या देवघरासमोर बसून रडल्या होत्या. आता गावाला खरं कळेल, ते कळलंय हे नवऱ्यालाही कळेल, आणि मल्हारी मान वर करून फुलंब्रीत येईल, एवढंच त्यांना हवं होतं.

नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की त्यानं वाचलं आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना त्याची भीती वाटली नाही.

“मल्हारीनं ऐकलं?” त्यांनी विचारलं.

काकासाहेबांनी चपला काढल्या. माठातलं पाणी स्वतः घेऊन प्याले, तांब्या जागेवर ठेवला आणि ओट्यावर नेहमीच्या ठिकाणी बसले. दुपारपासून वाकलेली त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली.

“मल्हारी दिवाळीच्या आधीच गेला,” ते म्हणाले. “तू तवा तिसऱ्यांदा प्रूफं तपासत बसली व्हतीस.”