चित्र नीट दिसत नाय

अर्धांगवायूने रावजी अंथरुणाला खिळले, तेव्हा संदेशनेच त्यांच्या खाटेशेजारी प्रोजेक्टर तोंड वर करून बसवून दिला होता. कौलांखाली ताणलेल्या पांढऱ्या चादरीवर ते दिवसभर क्रिकेट बघत पडून असायचे. आज विमलाकाकूंचा फोन आला, "चित्र नीट दिसत नाय म्हणून हे चिडलेत. लगेच ये."

पालीला त्यांच्या घरी पोचल्यावर संदेशने फिल्टरमधली लाल धूळ झटकली, लेन्स पुसली आणि खाटेलगत जमिनीवर पाठ टेकून वर बघितलं. चित्र अगदी लख्ख होतं.

"काकू, काहीच बिघडलेलं नाय."

"तू निजून बघतोयस रे," रावजींच्या पाठीमागे दुसरी उशी सरकवत काकू म्हणाल्या. "भिंतीवर लाव आता. हे कालपासून उठून बसतायत."