चौथा गाळा

“नाना, मोबाइलवाला पुन्हा येऊन गेला,” सरपंच तानाजी म्हणाला. “चौथा गाळा मागतोय. उद्या बोर्ड लावायला तयार हाय गडी.”

“त्याला रस्त्याच्या पलीकडं जागा दे.” लालासाहेब सोप्यात बसून भाकरी थापत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही. “चौथा गाळा भडंगवाल्याचा.”

“कुठल्या भडंगवाल्याचा?”

“येईल त्यो.”

तानाजीने कपाळावर हात मारला.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला कंपन्या आल्या आणि गावाचं अंग भरलं. परगावची पोरं खोल्या घेऊन राहू लागली. नवीन वसाहत झाली. पण साधी सुई हवी असली तरी बस धरून दुसऱ्या गावी जावं लागे. म्हणून दुकानं आणायचं काम ग्रामपंचायतीने लालासाहेबांवर सोपवलं. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, शब्दाला वजन होतं. त्यांनी आपल्या घराला लागून गाळे बांधले आणि गावोगाव हिंडून दुकानदार आणले.

माणूस चिकाटीचा, तसा हट्टीही. गिरणी कोपऱ्यालाच हवी. तिच्या शेजारी बयाबाई कासारीण, मग शिंपी. औषधवाल्याने बयाबाईची जागा मागितली, तर त्याच्यासाठी समोरचा गाळा शोधला. बयाबाईला हलवलं नाही. वर आपल्या घराच्या चांगल्या दाराला निळा रंग फासला. गाव हसलं.

“काकू अजून रुसल्यात व्हय?” तानाजीने त्या निळ्या दाराकडे हळूच पाहिलं. “न्हाई, भाकरी तुमीच थापताय म्हणून इचारलं.”

“फौजेत शिकलोय. तुझ्या बायकूपेक्षा गोल हुत्यात.”

“ते खरं हाय. पण आवं, एकदा सांगलीला न्या की त्यास्नी. माहेरासाठी जीव तुटतोय बाईचा.”

“नेलं हुतं.”

मागल्या वर्षी बायकोला, चंद्राबाईंना, नेलं होतं. त्यांच्या भावांनी घर कधीच विकलेलं. पेठेतली ती गल्ली जाऊन तिथं काचेची उंच इमारत उभी राहिलेली. चंद्राबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. “हे न्हवं,” एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या कापडी पिशवी घेऊन उंबऱ्याशी येत. डोक्यावरचा पदर सारखा करत, खाली बघत म्हणत, “आवं, मला घरी सोडता का?”

“एवढं पेठेचं काम हुंदे. मग सोडतो,” लालासाहेब म्हणत.

त्या आत जात. दाराला आतून कडी लागे. लालासाहेब सोप्यात अंथरूण टाकत.

भडंगवाला त्यांना शेवटी सांगलीजवळ कुपवाडला सापडला. गुंडा त्याचं नाव. कारखान्यांच्या रस्त्याला गाडा लावायचा. पाळी सुटली की मोटारसायकली त्याच्याभोवती गोळा होत.

“तिकडं साताऱ्याकडं कोण खातंय आमचं भडंग?” गुंडा हसून म्हणाला.

“तुमच्याकडचीच पोरं हायत की. जतची, मिरजेची. कामावरनं सुटली की बिस्किटाचा पुडा फोडून बसत्यात बिचारी.”

गुंडाने मान डोलावली. मुद्दा त्याला पटला होता.

“फकस्त एक करायचं,” लालासाहेब म्हणाले. “रोज सांजच्याला फोडणी दारातच टाकायची. लसूण, कडीपत्ता. वास पार कोपऱ्यापातूर गेला पायजे.”

“वास फुकट वाटायचा म्हणा की!”

“तुझा आजा तसंच करायचा.”

गुंडाचा झारा थांबला. “आजोबांचं पेठेतलं दुकान ठावं हाय तुमाला?”

“मुलगी बघायला आलो हुतो तवा पुड्यावर पुडं खाल्लं तितं. म्होरल्या घरात शिरायचं धाडस हुईना.” लालासाहेब कानामागे खाजवत हसले. “तिखटानं नाक गळायला लागलं, तरी पाय हलंना. शेवटाला तुझ्या आज्यानंच ढकललं. जा म्हणाला, पोरगी गुणाची हाय.”

दसऱ्याला गुंडाने चौथ्या गाळ्यात कढई चढवली.

त्या संध्याकाळी लालासाहेबांनी स्वच्छ धोतर नेसलं आणि तानाजीची गाडी मागून घेतली.

“चला,” ते उंबऱ्याशी म्हणाले. “आज सोडतो.”

चंद्राबाई मागच्या सीटवर पिशवी कवटाळून बसल्या. गाडी हायवेला लागली, लांब वळसा घालून मागे फिरली आणि अंधारून येताना गिरणीच्या कोपऱ्यावर थांबली. लालासाहेबांनी दार उघडलं. यावेळी त्या उतरल्या.

गिरणी घरघरत होती. चंद्राबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग चालू लागल्या. बयाबाईच्या दारात बांगड्यांचे तोडे किणकिणले, तशी त्यांची पावलं झपझप पडू लागली. शिंप्याचं मशीन टकटकत होतं. आणि मग तो वास आला. तेलात तडतडणाऱ्या लसणाचा, कडीपत्त्याचा. चंद्राबाईंनी तोंडाला पदर लावला.

लालासाहेब चार पावलं मागून येत होते. त्यांना नीट दिसत नव्हतं. फोडणीचा धूर डोळ्यांत गेला होता, असं त्यांनी गुंडाला हातानेच सांगितलं.

निळ्या दारापाशी चंद्राबाईंनी चौकटीवरून हात फिरवला. वर्षभरात त्या पहिल्यांदा हसल्या.

“आलं गं बाई घर माझं!”

लालासाहेबांनी पायरीवर पाऊल ठेवलं. त्या वळल्या. घाईघाईने पदर सारखा केला, दार निम्मं ओढून घेतलं आणि फटीतून हलक्या आवाजात म्हणाल्या,

“लय उपकार झालं तुमचं. पर आता तुमी जावा. आत यिऊ नगा. उद्या मला बघायला खंडाळ्याकडचं पावणं यायचं हायत, मिल्ट्रीतला मुलगा हाय म्हणं. परक्या माणसासंगं कुणी बघितलं, तर लगीन मोडंल माझं.”