तिसरी शिट्टी

दुसरी शिट्टी मारून गेणूनं मान वळवली, आणि खाली खाणीत त्याला भुंग्या दिसला.

दहा महिन्यांचं कुत्रं. गळ्यात कुरतडलेली दोरी लोंबत होती. घरी बांधून ठेवलेलं, ते भेदरून दोरी तोडून वाट फुटेल तिकडं पळत इथं आलं होतं. शिट्टी कानावर पडली तसं जागच्या जागी बसलं, पोट भुईला लावलं, आणि मग जे सुटलं ते नेमकं भलत्या अंगाला. सुरुंगाचे बार भरून ठेवलेल्या कड्याखाली दोन धोंडे एकमेकांना टेकले होते. त्यांच्या फटीत शिरलं.

पहिल्या शिट्टीला माणसं हटायची, दुसरीला रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या. तिसरी झाली की बार. तिन्ही शिट्ट्या गेणूच्याच.

त्यानं शिट्टी तोंडातून काढली.

"गेणूभाऊ, तिसरी मारा की!" टेकाडाआडून मुकादम बाजीराव ओरडला.

"आत कुत्रं हाय!"

"कुणाचं?"

"माजंच."

बाजीराव काहीबाही बोलला, ते वाऱ्यानं नेलं. मग म्हणाला, "धा मिनटं. तिकोन्याच्या गडामागं आभाळ बगा कसं चढलंय. भरल्या बारावर ईज उतरली तर कुत्रं न्हाई अन् आपुनबी न्हाई."

गेणू धावत खाली उतरला. फटीपुढं गुडघे टेकले. आत दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि थरथर ऐकू येत होती; दगडावर नखं वाजत होती.

"ये लेकरा. मी हाय न्हवं? मी हाय."

तोच होता, हीच तर अडचण होती. आठ दिवसांमागंपर्यंत हे पोर त्याच्या पायात पाय घालत खाणीवर यायचं, त्याच्या भाकरीतली अर्धी खायचं. गेल्या सोमवारी बाराचा एक चुकार दगड उडाला तो त्याच्या शेपटीशी येऊन फुटला. तेव्हापासून ताटली पडली तरी ते कोपऱ्यात जातं, आणि गेणू दारात आला तर कोपऱ्यातही मावत नाही. गेणू शिट्टी मारतो, मग डोंगर फुटतो. त्याच्या लेखी डोंगर गेणूच फोडतो.

गेणूनं फटीत हात घातला. कचकन चावा बसला.

वर पवना धरणाच्या रस्त्यावर अडवलेल्या गाड्यांनी हॉर्न धरले. एकेका हॉर्नाला फटीतले डोळे आणखी मागं सरकत होते. गेणू धापा टाकत वर चढला, रक्ताळलेला हात तसाच दुसऱ्या हाताला जोडला.

"सायेब, हारन नका वाजवू. खाली कुत्रं भ्यालंय."

"काका, कुत्र्यासाठी रस्ता बंद?" गाडीतला तरुण हसला. "अहो, आमचं दोन वाजता चेक-इन आहे." तरी त्यानं हात काढला हॉर्नावरचा. मागच्या गाडीला कारण ठाऊक नव्हतं. तिनं दुप्पट वाजवला. असं शेवटच्या गाडीपर्यंत कुणाकुणाला सांगणार?

तो परत खाली आला तेव्हा फटीपुढं शालूबाई बसली होती. दोरी तुटलेली बघून ती घरून पळतच आली होती. तिनं नवऱ्याचा हात पाहिला.

"हात घातला व्हय?"

"मग काय करू?"

"तुमी जावा."

"कुटं?"

"त्याला दिसणार न्हाई तितं. तुमच्या अंगाला बाराचा वास येतोय. तुमी हितं हाय तवर ते मरंल, पर यायचं न्हाई."

"अगं, म्या बोटानं दूध चाटवून वाढीवलंय त्याला."

"व्हय," शालूबाई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला. "वाढीवलंय. जावा आता."

वीस पावलांवर रिकामा डंपर उभा होता. गेणू त्याच्या चाकाआड जाऊन उकिडवा बसला. गुडघे छातीशी घेतले, म्हणजे बाहेर काही दिसायला नको. ढग गुरगुरला. टेकाडावरून बाजीरावानं घड्याळाचा हात उंच करून दाखवला.

शालूबाईनं सूर धरला. जात्यावर धरावा तसा, खाली, घोटत.

पवनेच्या गं पाण्याला वारा घालितो झुळका,
माज्या भुंग्याच्या डोळ्याला लागू दे गं डुलका.

एकदा म्हटली, दोनदा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना मध्येच तिचा सूर हलला. कुणीतरी मांडीवर तोंड ठेवल्यासारखा. गेणूला उठून बघावंसं वाटलं. तो उठला नाही.

मग सूर चालू लागला. जवळ येत गेला. वर जायची वाट डंपरला लागूनच होती. गेणूनं मान वाकवली. डंपरच्या पोटाखालून पलीकडची वाट हातभर दिसत होती. तिथं शालूबाईचे भेगाळलेले पाय आले, आणि त्यांच्या अलीकडं चार लहान पाय, धुळीनं माखलेले, तिच्या लुगड्याला घासत चाललेले.

डंपरशी येऊन ते चार पाय थांबले.

वाऱ्याचा एक झोत गेणूकडून त्या अंगाला गेला. गेणूनं श्वास धरला. धरलेल्या श्वासातच, आवाज न करता, त्यानं ओठ हलवले: लेकरा.

चार पाय क्षणभर तसेच राहिले. मग हळूच शालूबाईच्या मागून वळून तिच्या पलीकडच्या अंगाला गेले, आणि तिथून चालू लागले.