बाहेरची वीज

"सोलरची बॅटरी खाली आलीये. ऊन पडेपर्यंत लॅपटॉप लावायचा नाही," नवऱ्याने बजावलं.

"अहो, चारला माझी ऑनलाइन मुलाखत आहे! तरी सांगत होते, विजेचं जुनं कनेक्शन तोडू नका."

"मग स्वावलंबन कसलं? जरा कळ काढ." स्वतःची बॅग उचलून तो निघूनही गेला.

ती चडफडत राहिली. छतावरच्या पॅनेलांपायी गाडी विकून झाली होती, आणि आता साधा मिक्सरही याला विचारून लावायचा. आभाळ काही हटेना. चार वाजत आले तसा लॅपटॉपने मान टाकली. तो काखेत मारून ती शेजारी धावली.

शेजारणीने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू हं वहिनी, आत भाऊजींचं भाषण चाललंय. ढग आले की ते इथेच असतात ना!"

आत नवरा इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला होता. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच कामातून गेली होती. चार्जर शेजाऱ्यांच्या भिंतीत खोचलेला होता.

"वर्षभरात आमच्या घराने बाहेरची वीज घेतलेली नाही," पडद्यावरच्या श्रोत्यांना तो सांगत होता. "अवघड काहीच नाही. घरातल्यांना थोडी शिस्त लागते, बस्स."

तिने वाकून त्याचा प्लग उपसला आणि तिथे आपला लावला. त्याचा पडदा काळा झाला.

"अगं, हे काय?"

"शिस्त," ती म्हणाली. "ऊन पडलं की बोला."