काकांनी जुळवलेलं पाणी

काकूंनी नळाखाली हात धरला आणि काढून घेतला. पाणी आजही कोमटच.

“कढत येत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“येतंय. तुझ्या हाताला लागत नाहीये,” काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले. “वय झालं की असं होतं.”

काकूंना दुसरं काहीच नको होतं. आखडलेली पाठ शेकून निघेल एवढं गरम पाणी हवं होतं, बस्स. पण काकांचं आपलं ते खरं. पलीकडच्या बाथरूममध्ये ते स्वतः अंघोळ करत, तिथलं पाणी झकास होतं. एकाच गिझरचं पाणी भिंत ओलांडली की गार होतं का, हा त्यांचा सवाल. पुढे भांडी घासताना सुनेनेही तीच तक्रार केली, तेव्हा मात्र तिचं वय काढता येईना. मग प्लंबरला बोलावणं गेलं.

प्लंबर स्टुलावर चढला. काका स्टूल धरून उभे राहिले आणि खालून सूचना देऊ लागले. कॉइल ठणठणीत निघाली, थर्मोस्टॅटही ठणठणीत. तरी काकांनी गिझरला म्हातारा ठरवून टाकलं आणि नवा बसवू या म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

प्लंबरने गिझरमध्ये येणारं पाणी बंद केलं आणि सुनेला स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडायला सांगितलं. आता त्यातून धार यायला नको होती. तरी नळ वाहतच राहिला.

“गिझर बिचारा बरा आहे, काका,” प्लंबर म्हणाला. “घरात कुठेतरी गार आणि गरम दोन्ही नळ एकत्र उघडे राहिलेत. तिथून गार पाणी गरमच्या पाइपात शिरतंय.”

काका हुरूपाने शोधाला निघाले. बेसिन, वॉशिंग मशीन, गच्चीतला नळ, सगळं पालथं घातलं. हा निष्काळजीपणा कोणाचा ते आज कळलंच पाहिजे, असं ते प्रत्येक नळापाशी बजावत होते. स्वतःच्या बाथरूमच्या दारातून मात्र ते परत फिरले. तिथे काय बघायचं?

काकू तिथेच शिरल्या. काकांनी हौसेने स्वतः बसवलेला हँडशॉवर हुकाला लटकत होता. त्याच्या दांडीवरचं बटण दाबलं की पाणी सुरू, सोडलं की बंद. त्याला पाणी देणारे भिंतीवरचे दोन्ही नळ मात्र उघडेच होते, गरम अर्धा, गार जरासा. काकूंना आधी राग आला आणि मग हसूच फुटलं.

“अहो, इकडे या जरा.”

काकांनी नळांकडे पाहिलं. प्लंबर छताकडे पाहू लागला. सुनेने तोंडावर हात धरला.

“रोज रोज कुठे जुळवत बसू?” काका म्हणाले. “एकदा अगदी मस्त जुळलं होतं. मग हातच लावला नाही.”

“आणि वय माझं झालं होतं,” काकू म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही नळ घट्ट बंद केले, टॉवेल उचलला आणि आपल्या बाथरूममध्ये गेल्या. प्लंबर गिझरचं पाणी पुन्हा सुरू करून हसत हसत जिना उतरला. गिझर तापला तशी दाराच्या फटीतून वाफ येऊ लागली, आणि वाफेमागून गुणगुणणं. काकूंना गुणगुणताना घराने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

काका बाहेर घुटमळले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. काकूंच्या पाठीचं वाटत होतं, आणि थोडंसं आपल्या नळांचंही. एवढ्या खटपटीने जुळलेलं सगळं गेलं. पुन्हा जमतंय का ते नुसतं बघावं म्हणून ते पलीकडे गेले आणि गार पाण्याच्या नळाकडे हात नेला.

“अहो,” भिंतीपलीकडून आवाज आला, “मी अजून आत आहे.”

काकांनी तो हात मुकाट्याने खिशात घातला.